हार्ट फेल्युअर आणि रक्तवाहिन्या: नाशिकच्या रुग्णांचे नेहमीचे प्रश्न

हे प्रश्न ओपीडीत, फोनवर आणि बऱ्याचदा केबिनचं दार अर्धं उघडून "एकच विचारायचं राहिलं" म्हणत विचारले गेले आहेत. बहुतेक रुग्णांना आपलं पंपिंग (हृदय दर ठोक्याला आतलं किती टक्के रक्त बाहेर टाकतं तो आकडा) किती आहे हे पाठ असतं. आपल्या वाहिन्यांचं काय चाललंय हे मात्र त्यांना क्वचितच कुणी सांगितलेलं असतं, म्हणून इथे सगळा भर त्याच्यावर दिला आहे. ज्यांना हार्ट फेल्युअरचं, म्हणजे हृदयाला अंगाच्या गरजेएवढं रक्त पुरवणं जमत नाही त्या आजाराचं, निदान होऊन काही महिने झालेत, गोळ्या सुरू आहेत आणि घरी राहून रोजचं आयुष्य चाललंय, त्यांच्यासाठी हे लिहिलंय. नव्याने दम वाढला असेल तर आधी शेवटचा प्रश्न वाचा.

बाबांचं पंपिंग ३० आहे. बिघाड हृदयात आहे ना, मग डॉक्टर सारखे रक्तवाहिन्यांबद्दल का बोलतात?

हृदय रक्त ढकलतं. ते कुठे किती जाणार हे मात्र वाहिन्या ठरवतात. जेवण झालं की आतड्यांकडच्या वाहिन्या रुंदावतात, चालायला लागलं की मांड्या-पोटऱ्यांकडच्या. निरोगी माणसात हे आपोआप घडतं. हार्ट फेल्युअरमध्ये पंप अशक्त होतोच, शिवाय अंगभरच्या बारीक वाहिन्या आकसून राहतात आणि गरज पडली तरी पुरेशा उघडत नाहीत.

आपल्याकडे द्राक्षबागा असलेल्यांना हे लगेच समजतं. मोटार जुनी झाल्यामुळे ठिबकला पाणी कमी येतंय, आणि त्यात कुणीतरी घाबरून निम्मे व्हॉल्व्ह आवळून ठेवलेत. लांबच्या ओळी सुकणार, आणि आवळलेल्या व्हॉल्व्हवर जोर लावून मोटारही लवकर जळणार. नुसती मोटार बघून भागत नाही.

म्हणूनच पंपिंग ३० असलेला एक माणूस भाजी आणायला पायी जातो आणि तेवढंच पंपिंग असलेला दुसरा अंघोळीनंतर दमून बसतो. इकोवरचा (हृदयाच्या सोनोग्राफीतला) आकडा आणि माणूस किती चालू शकतो, यांचा मेळ फारसा बसत नाही. वाहिन्या आणि स्नायू कोणत्या अवस्थेत आहेत, हे त्यामागचं एक मोठं कारण आहे.

अँजिओग्राफीत एकही ब्लॉकेज निघालं नाही. मग वाहिन्या खराब कशा?

अँजिओग्राफीत हृदयाच्या मोठ्या वाहिन्यांची आतली पोकळी दिसते. नळी मोकळी आहे की कुठे अडलीय, एवढं त्यातून कळतं. ती नळी वेळेला रुंद होते का, हे त्या चित्रात दिसत नाही. शिवाय रक्ताचं वाटप खऱ्या अर्थाने जिथे होतं त्या वाहिन्या केसाहून बारीक असतात आणि त्या त्या चित्रात उमटतच नाहीत. ब्लॉकेज नाही ही चांगलीच बातमी आहे. पण तेवढ्यावरून वाहिन्यांचं काम सुरळीत चाललंय असं म्हणता येत नाही.

वाहिनी रुंद होते म्हणजे नक्की काय घडतं?

प्रत्येक रक्तवाहिनीला आतून पेशींचा एकच थर असतो, त्याला एंडोथेलियम म्हणतात. पूर्वी हे नुसतं अस्तर समजलं जायचं. १९८० मध्ये अमेरिकेतले रॉबर्ट फर्चगॉट यांनी सशाच्या महाधमनीच्या पट्ट्यांवर एक साधा प्रयोग केला. अस्तर शाबूत असेल तर ॲसिटिलकोलिन हे औषध लावल्यावर पट्टी सैल पडायची. अस्तर खरवडून काढलं की तेच औषध लावूनही सैल पडायची नाही. म्हणजे स्नायूला सैल करणारा निरोप अस्तरातून येत होता. पुढे कळलं की तो निरोप म्हणजे नायट्रिक ऑक्साइड नावाचा अगदी साधा वायू. काही सेकंदांत विरून जातो, पण तेवढ्यात काम करून जातो. १९९८ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल फर्चगॉट, लुई इग्नारो आणि फरीद मुराद यांना यासाठीच मिळालं.

यातली गंमत अशी, की स्वतः आल्फ्रेड नोबेल यांना आयुष्याच्या शेवटी हृदयाच्या दुखण्यासाठी डॉक्टरांनी नायट्रोग्लिसरीन लिहून दिलं होतं. ज्या पदार्थापासून त्यांनी डायनामाइट बनवलं, तोच पदार्थ. १८९६ मधल्या पत्रात त्यांनी या योगायोगावर मिश्किल टिप्पणीही केली आहे. नायट्रोग्लिसरीन शरीरात नायट्रिक ऑक्साइड सोडतं, हे कळायला त्यानंतर ऐंशीएक वर्षं गेली.

हा वायू तयार होण्यासाठी रक्ताचा प्रवाह लागतो. रक्त वेगाने वाहिलं की ते अस्तराला घासून जातं आणि त्या घर्षणानेच अस्तर जागं होऊन नायट्रिक ऑक्साइड सोडतं. ही गोष्ट लक्षात ठेवा, चालण्याच्या प्रश्नात ती पुन्हा लागणार आहे.

हार्ट फेल्युअरमध्ये ही यंत्रणा बिघडते कशाने?

शरीर मूळ आजार ओळखू शकत नाही. प्रवाह कमी पडतोय एवढंच त्याला कळतं, आणि लाखो वर्षांच्या सवयीने ते रक्तस्राव झाला असं धरून चालतं. जखम झाल्यावर जे करायला हवं तेच करतं: वाहिन्या आवळा, मीठ-पाणी धरून ठेवा, नाडी वाढवा. नॉरॲड्रेनालिन आणि अँजिओटेन्सिन २ ही यातली मुख्य रसायनं. तिसरं एंडोथेलिन, जे अस्तरातूनच निघतं आणि वाहिन्या जबरदस्त आवळतं. जपानी संशोधकांनी ते १९८८ मध्ये शोधलं. जखमेत हा बंदोबस्त काही तासांसाठी जीव वाचवतो. हार्ट फेल्युअरमध्ये तोच महिनोन्महिने चालू राहतो.

त्याचे परिणाम एकमेकांत गुंतत जातात. वाहिन्या आवळल्या की अशक्त हृदयाला जास्त जोर लावावा लागतो. प्रवाह मंद झाला की अस्तरावरचं घर्षण कमी होतं आणि नायट्रिक ऑक्साइड कमी बनतं. जे थोडं बनतं तेही अँजिओटेन्सिनमुळे वाढलेल्या मुक्त कणांच्या (फ्री रॅडिकल्सच्या) तावडीत सापडून वाया जातं. जोडीला मधुमेह, बीपी, तंबाखू असेल तर अस्तर आधीपासूनच थकलेलं असतं.

माझं पंपिंग ६० आहे, तरी हार्ट फेल्युअर सांगितलंय. असं असतं का?

असतं, आणि कमी नाही. पंपिंग ५० किंवा त्याहून जास्त असूनही हृदयाचे स्नायू ताठ झालेले असतात. ते नीट सैल पडत नाहीत, म्हणून आत रक्त भरताना दाब वाढतो आणि दम लागतो. वय झालेल्या, वजन जास्त असलेल्या, बीपी-शुगर असलेल्या बायकांमध्ये हे विशेष दिसतं. २०१३ मध्ये वॉल्टर पाउलुस आणि कार्स्टन चोपे यांनी याबद्दल एक मांडणी केली, ती आज बरीच मान्य आहे. लठ्ठपणा, मधुमेह यांमुळे अंगात मंद दाह चालू राहतो, त्याने हृदयातल्या बारीक वाहिन्यांचं अस्तर बिघडतं, नायट्रिक ऑक्साइड घटतं आणि मग स्नायू ताठरतो. म्हणजे या प्रकारात वाहिन्यांचा बिघाड आधी होतो आणि हृदय त्याच्या मागे जातं.

दम ठीक आहे, पण पाय भरून येतात. चार पावलं चाललं की पोटऱ्या ओढल्यासारख्या होतात.

हे रडगाणं नाही, खरं लक्षण आहे. चालताना पायाच्या वाहिन्या पुरेशा उघडत नाहीत, स्नायूला ऑक्सिजन कमी पडतो आणि तो लवकर थकतो. महिनोन्महिने असं चाललं की स्नायू स्वतःच बारीक होतो. मांड्या सुकल्यात, पायजमा ढिला झालाय, असं घरचे सांगतात ते यामुळे.

मात्र एकाच पायाची पोटरी ठरावीक अंतरावर दुखते आणि थांबलं की राहते, असं असेल तर त्या पायाच्या धमनीत खरोखरचा अडथळा असू शकतो, विशेषतः तंबाखू खाणाऱ्या किंवा ओढणाऱ्यांत. एक पाय अचानक सुजून दुखायला लागला तर गुठळी असू शकते. ही दोन्ही वेगळी दुखणी आहेत, तपासून घ्या.

वाहिन्यांचं काम मोजणारी तपासणी असते का? नाशिकला होते का?

असते. दंडाच्या धमनीचा सोनोग्राफीने व्यास मोजतात, मग बीपीसारखा पट्टा हातावर पाच मिनिटं घट्ट आवळून ठेवतात आणि सोडतात. रक्त जोरात धावतं, अस्तर जागं होतं आणि धमनी किती टक्के रुंदावली ते पाहतात. ही पद्धत १९९२ पासून संशोधनात रुळली. हार्ट फेल्युअरच्या रुग्णांत हे रुंदावणं कमी असतं, आणि ज्यांच्यात ते फारच कमी त्यांचा धोका जास्त, असंही दिसलंय.

पण ही तपासणी संशोधनाची आहे. करणाऱ्याच्या हातावर, वेळेवर, चहा पिऊन आलात का यावरही आकडा बदलतो. त्या आकड्यावरून कुणी तुमची गोळी बदलणार नाही. त्यासाठी मुंबई-पुण्याला जाऊ नका. इको, क्रिएटिनिन (किडनीचं काम दाखवणारं), पोटॅशियम, गरज असेल तेव्हा एनटी-प्रोबीएनपी (हृदयावरचा ताण दाखवणारी रक्ततपासणी), आणि सहा मिनिटांत किती मीटर चालता ही साधी चाचणी, एवढं पुरतं.

आईचं बीपी १०५ आहे. तरी तिला बीपीच्या गोळ्या का दिल्यात? औषधवाल्यानेही विचारलं.

सगळ्यात जास्त गैरसमज इथे होतात, आणि या गैरसमजापायी लोक चांगली चाललेली गोळी बंद करतात. म्हणून जरा सविस्तर सांगतो.

या गोळ्या बीपी उतरवायला दिलेल्या नाहीत. वर सांगितलेला तो चुकीचा बंदोबस्त उठवायला दिल्या आहेत. वाहिन्यांतला अवरोध कमी झाला की अशक्त हृदय त्याच जोरात जास्त रक्त बाहेर टाकतं. हे पहिल्यांदा मोठ्या प्रमाणावर सिद्ध झालं ते १९८६ मध्ये अमेरिकेत. हायड्रॅलझिन आणि आयसोसॉर्बाइड डायनायट्रेट या वाहिन्या सैल करणाऱ्या दोन औषधांची जोडी दिल्यावर मृत्यू कमी होताना दिसले. पुढच्याच वर्षी स्कँडिनेव्हियातल्या रुग्णांवर एनालाप्रिलचा अभ्यास आला, आणि त्यात फरक इतका स्पष्ट होता की तो वेळेआधी थांबवावा लागला.

एनालाप्रिल, रॅमिप्रिल या जातीच्या गोळ्या अँजिओटेन्सिन २ बनू देत नाहीत, आणि ब्रॅडिकायनिन नावाचं रसायनही टिकवून ठेवतात. ब्रॅडिकायनिन अस्तराला नायट्रिक ऑक्साइड सोडायला लावतं. काहींना येणारा कोरडा खोकला त्याच ब्रॅडिकायनिनचा प्रताप. खोकला त्रासदायक असेल तर सांगा, दुसरी गोळी मिळते. खोकल्याचं औषध घेत बसू नका.

सॅक्युबिट्रिल-व्हल्सार्टन २०१४ च्या अभ्यासात एनालाप्रिलपेक्षा सरस ठरलं. या दोन्ही जाती एकत्र कधीही घ्यायच्या नाहीत. एकीवरून दुसरीवर जाताना मध्ये ३६ तास जावे लागतात, नाहीतर चेहरा-जीभ सुजून श्वास अडकू शकतो. घरात जुनी पाकिटं उरलेली असतात, ती वेगळी काढून टाका.

स्पायरोनोलॅक्टोनने १९९९ मध्ये गंभीर रुग्णांतले मृत्यू सुमारे ३० टक्क्यांनी कमी केलेले दाखवले. ती लघवीची साधी गोळी समजली जाते, पण अल्डोस्टेरॉन या मीठ-पाणी धरून ठेवणाऱ्या हार्मोनला अडवून ती अस्तरालाही मदत करते. बीटा ब्लॉकर नॉरॲड्रेनालिनचा मारा परतवतात. त्यातलं कार्व्हेडिलॉल वाहिन्याही थोड्या सैल करतं. डॅपाग्लिफ्लोझिन आणि एम्पाग्लिफ्लोझिन मुळात मधुमेहाची औषधं. २०१९ नंतर ती मधुमेह नसलेल्या हार्ट फेल्युअरच्या रुग्णांनाही देतात, म्हणून "मला शुगर नाही, ही गोळी चुकून आली" असं समजून ती बाजूला काढू नका. डॅपाग्लिफ्लोझिनचं पेटंट भारतात संपल्यापासून किंमतही आवाक्यात आली आहे.

तर आईचं बीपी १०५ असेल, ती हिंडतेफिरतेय, चक्कर नाही, लघवी व्यवस्थित होतेय, तर तो आकडा घाबरण्याचा नाही. उभं राहिल्यावर डोळ्यांपुढे अंधारी येत असेल किंवा वरचं बीपी ९० च्या खाली जात असेल तर डॉक्टरांना कळवा. बहुधा गोळीची वेळ किंवा लघवीच्या गोळीचं प्रमाण बदलून काम होतं.

नायट्रिक ऑक्साइड कमी पडतंय, तर थेट तेच वाढवणारी गोळी का देत नाहीत?

प्रश्न अगदी बरोबर आहे, आणि त्याचं उत्तर मान खाली घालायला लावणारं आहे. तर्काने जे बरोबर दिसतं ते रुग्णांत प्रत्येक वेळी खरं ठरत नाही. पंपिंग चांगलं असलेल्या रुग्णांना नायट्रेट (नायट्रोग्लिसरीनसारखं, शरीरात नायट्रिक ऑक्साइड सोडणारं औषध) देऊन पाहिलं, २०१५ मध्ये निकाल आला: रुग्णांची हालचाल वाढण्याऐवजी कमी झाली. एंडोथेलिनला अडवणारी औषधं हार्ट फेल्युअरमध्ये चालली नाहीत. स्टॅटिन ही कोलेस्टेरॉलची गोळी अस्तर सुधारते हे माहीत होतं, पण त्यातल्या रोझुव्हास्टॅटिनच्या २००७ आणि २००८ च्या दोन मोठ्या अभ्यासांत हार्ट फेल्युअरच्या रुग्णांचं आयुष्य त्याने वाढलं नाही. कोलेस्टेरॉल किंवा जुन्या हार्ट ॲटॅकसाठी स्टॅटिन दिलेलं असेल तर ते चालूच ठेवायचं, हा वेगळा मुद्दा.

या वाटेवरचं एक औषध मात्र टिकलं, व्हेरिसिग्वाट. नायट्रिक ऑक्साइडचा निरोप स्नायूत ज्या एन्झाइमकडे जातो, त्यालाच ते चेतवतं. पंपिंग कमी असलेल्या आणि नुकतंच दवाखान्यात राहून आलेल्या रुग्णांत २०२० मध्ये त्याचा मर्यादित फायदा दिसला. सगळ्यांना ते लागत नाही.

जिभेखालची गोळी दम लागल्यावर घेऊ का?

ती नायट्रेटची गोळी, छातीत दुखण्यासाठी दिलेली असते. दमासाठी स्वतःच्या मनाने नको. आणि उभ्याने तर नकोच, बसून घ्या. लैंगिक क्षमतेसाठीची सिल्डेनाफिलसारखी गोळी घेतली असेल तर नायट्रेटची कोणतीही गोळी जीवघेणी ठरू शकते. हे लाजेखातर लपवू नका.

हृदय कमजोर असताना चालायचं? आमच्याकडे सगळे म्हणतात आराम करा.

पूर्वी डॉक्टरही तेच सांगायचे. हार्ट फेल्युअर म्हणजे खाट, असं कित्येक दशकं चाललं. आज स्थिर रुग्णाला आम्ही जे सांगतो ते बरोबर उलट आहे.

अस्तर प्रवाहाच्या घर्षणाने जागं होतं हे वर आलंच. १९९६ मध्ये जर्मनीतल्या डॉक्टरांनी हार्ट फेल्युअरच्या रुग्णांना रोज फक्त हाताची मूठ आवळायचा व्यायाम दिला. चार आठवड्यांत त्या हातातली धमनी पूर्वीपेक्षा चांगली रुंदावू लागली. व्यायाम थांबवल्यावर सहा आठवड्यांनी पाहिलं तर कमावलेलं सगळं गेलेलं होतं. मला हा अभ्यास फार आवडतो, कारण त्यात हृदयाला हातही लावलेला नाही. दोन वर्षांनी लाइपझिगमध्ये सहा महिन्यांच्या सायकलिंगनंतर पायांच्या वाहिन्यांतही अशीच सुधारणा दिसली. २००९ मध्ये २,३३१ रुग्णांचा मोठा अभ्यास आला. त्यात मृत्यू आणि भरती यांवरचा फायदा माफक होता, पण पंपिंग ३५ किंवा त्याहून कमी असलेल्यांनाही व्यायाम सुरक्षित आहे आणि रोजचं जगणं त्याने सुधारतं, हे पक्कं झालं.

सुरुवात कशी करायची? गोळ्या बसल्यात, सूज उतरलीय, गेल्या काही आठवड्यांत भरती व्हावं लागलेलं नाही आणि डॉक्टरांनी हो म्हटलंय, मग सपाटीवर रोज पाच-दहा मिनिटं. गोल्फ क्लबच्या मैदानाचा ट्रॅक बरा, कारण सपाट आहे आणि बसायला जागा आहे. नदीकाठी राहत असाल तर गोदापार्क. चालताना सोबतच्याशी वाक्य पूर्ण बोलता आलं पाहिजे. तुटक शब्द निघायला लागले की वेग जास्त झाला. दर आठवड्याला दोन-तीन मिनिटं वाढवत अर्ध्या तासापर्यंत पोहोचा. संपवताना एकदम थांबू नका, शेवटची पाच मिनिटं रेंगाळत चाला. पायांतल्या वाहिन्या उघडलेल्या असतात आणि गोळ्यांनीही उघडलेल्या असतात, त्यामुळे एकदम उभं राहिलं की बीपी पडून चक्कर येते. जेवणानंतर तासभर तरी नको. ताप, नवी सूज, छातीत दुखणं, धडधड असेल त्या दिवशी सुट्टी.

बाहेर जाणं जमत नसेल तर खुर्चीत बसून-उठून आणि चवड्यांवर उंच होऊन सुरुवात करा. मृतवत खाटेवर पडून राहण्यापेक्षा तेही पुष्कळ आहे.

पांडवलेणी आणि ब्रह्मगिरीच्या पायऱ्या मात्र व्यायाम म्हणून निवडू नका. सप्तशृंगीच्या गडावर जायचंच असेल तर ट्रॉली आहे, तिने जा. देवी काही पायऱ्या मोजत नाही.

हिवाळ्यात त्रास वाढतो, हा भास आहे का?

भास नाही. थंडीत त्वचेच्या वाहिन्या आवळतात, बीपी चढतं आणि हृदयावरचा भार वाढतो. निरोगी अस्तर यात थोडी भरपाई करतं, तुमचं तेवढी करू शकत नाही. निफाडचा पारा पेपरात झळकायला लागला की पहाटेचं फिरणं सोडा आणि ऊन वर आल्यावर निघा. कान, हात झाका. फ्लूची लस दरवर्षी घ्या.

उन्हाळ्यातला त्रास उलटा: वाहिन्या सैल, त्यात घाम, त्यात लघवीची गोळी. एप्रिल-मेमध्ये चक्कर येऊ लागली तर गोळीचं प्रमाण कमी करायचं का हे विचारा. उलट्या-जुलाब लागले तरी लगेच फोन करा, काही गोळ्या त्या दिवसांपुरत्या थांबवाव्या लागतात.

२०२७ च्या सिंहस्थात रामकुंडात स्नान करायचं आहे. चालेल?

गार पाण्यात एकदम उडी किंवा डुबकी नको. थंड पाणी अंगावर पडलं की अंगभरच्या वाहिन्या क्षणात आवळतात, आणि गळ्यापर्यंत पाण्यात उभं राहिलं की पायांतलं रक्त छातीकडे सरकतं. अशक्त हृदयावर हे दोन्ही भार एकाच वेळी येतात. त्यात पर्वणीची गर्दी, तासन्‌तास उभं राहणं आणि लांब लावलेली गाडी. पर्वणीचा दिवस सोडून या, काठावर बसून तांब्याने पाय-हात धुवा, डोक्यावर थोडं पाणी घ्या. पूर्ण पुण्य मिळतं की नाही ते गुरुजींना विचारा, प्रकृतीला मात्र एवढंच मानवतं.

मग गरम पाण्याने शेकलं तर फायदा होतो का?

जपानमध्ये कागोशिमा विद्यापीठातल्या चुवा तेई यांनी ६० अंशांच्या कोरड्या खोलीत रुग्णांना १५ मिनिटं बसवून, मग अर्धा तास पांघरुणात ऊबदार ठेवून उपचार केले, आणि त्यात वाहिन्यांचं काम सुधारलेलं दिसलं. पण ते डॉक्टरांच्या देखरेखीखाली, वजन आणि पाणी मोजून. बाथरूमचं दार लावून कढत पाण्याने अंघोळ करणं ही ती पद्धत नव्हे. कोमट पाणी, दार आतून कडी न लावता.

बीट, लसूण, द्राक्षं, रेड वाइन… यातलं काय घ्यावं?

बिटात आणि पालेभाज्यांत नायट्रेट असतं. जिभेवरचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात आणि त्यातून शरीर नायट्रिक ऑक्साइड बनवतं. हार्ट फेल्युअरमध्ये बिटाच्या रसाचे अभ्यास छोटे आहेत आणि निकाल उलटसुलट. कोशिंबिरीत बीट जरूर खा. ग्लासभर रस मात्र मधुमेह, किडनी आणि पोटॅशियम बघूनच. लसूण फोडणीत ठीक आहे, कॅप्सूलमध्ये नको, विशेषतः रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर.

द्राक्षं आपल्या घरचीच, मूठभर खायला हरकत नाही, मधुमेह असेल तर मोजून. रेड वाइनबद्दल सांगितलं जाणारं रेस्व्हेराट्रॉल तिच्यात इतकं कमी असतं की त्याने वाहिन्यांचं भलं होत नाही. दारूने मात्र हृदयाचा स्नायू खरोखर खराब होतो. नाशिकची असली तरी.

मिसळ सोडायची का?

रोजची सोडा. मोजून महिन्यातून एखादी, तर्री कमी, फरसाण निम्मं, आणि सोबतचा पापड परत पाठवा. पापडात मिठाबरोबर पापडखारही असतो, म्हणजे सोडियम दोन्हीकडून. दिवसाचं एकूण मीठ चहाच्या चमच्याएवढं, ५ ग्रॅमच्या आत, त्यात लोणचं, चटणी, भाकरीतलं सगळं आलं. जास्त मिठाने नुसती सूज येत नाही, बीपी वाढलं नाही तरी अस्तराचं काम बिघडतं.

बाजारात कमी सोडियमचं मीठ मिळतं, ते वापरू?

नको. त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियम असतं, आणि तुमच्या गोळ्या आधीच पोटॅशियम धरून ठेवतात. ते वाढलं तर हृदयाचे ठोके बिघडतात. रोज नारळपाणी पिण्याबद्दलही हेच.

गुडघ्यांसाठी पेनकिलर?

डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन, ॲसिक्लोफिनॅक नको. त्या पाणी साठवतात, किडनीच्या वाहिन्या आवळतात आणि लघवीच्या गोळीचं काम बिघडवतात. स्थिर असलेला रुग्ण अचानक सुजून येतो तेव्हा मी आधी पेनकिलरबद्दल विचारतो. पॅरासिटामॉल डॉक्टरांनी सांगितलेल्या प्रमाणात चालतं.

तंबाखू सोडलाय, फक्त मिश्री लावते.

मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखूच. हिरड्यांतून निकोटीन रक्तात जातं आणि वाहिन्या आवळतात. सासूबाईंनी पन्नास वर्षं लावली हे खरं असेल, त्यांना हार्ट फेल्युअर नव्हतं.

ईईसीपी आणि "वाहिन्या साफ करणारी" सलाइन यांच्या जाहिराती येतात. घ्यावं का?

ईईसीपीमध्ये पायांना पट्टे बांधून ठोक्यांच्या तालावर आवळतात, साधारण ३५ तास. अँजायनाच्या (हृदयाला रक्त कमी पडून छातीत दुखण्याच्या) काही रुग्णांना आराम पडतो. हार्ट फेल्युअरमधल्या अभ्यासात चालण्याची वेळ थोडी वाढली, पण शरीर वापरत असलेला सर्वाधिक ऑक्सिजन वाढला नाही. बायपासला पर्याय म्हणून ते विकणं मला पटत नाही. त्या पैशात वर सांगितलेल्या चार मुख्य जातींच्या गोळ्या बराच काळ चालतील.

वाहिन्या साफ करण्याच्या नावाने देतात त्या किलेशनच्या सलाइनबद्दल तर सरळ नाही. सलाइनमधून पाणी आणि सोडियम आत जातं ते वेगळंच. वाहिनीचं अस्तर जिवंत असतं, ते धुऊन काढायचं नसतं.

फरक किती दिवसांत दिसेल?

गोळ्या आणि चालणं दोन्ही नेमाने केलं तर सहा ते बारा आठवड्यांत पायांतलं बळ वाढल्याचं बहुतेकांना जाणवतं. इकोवरचा आकडा तेव्हा तेवढाच असू शकतो. चार महिन्यांनी पंपिंग "फक्त दोनच टक्के वाढलं" म्हणून हिरमुसलेली माणसं जिना न थांबता चढून आलेली असतात, हे त्यांच्याही लक्षात आलेलं नसतं.

कधी थांबायचं नाही, सरळ दवाखाना गाठायचा?

रोज सकाळी लघवी करून, काही खाण्याआधी वजन करा आणि कॅलेंडरवर लिहा. दोन-तीन दिवसांत दोन किलो वाढलं, पायांची सूज चढली, एकाऐवजी दोन उशा लागायला लागल्या, तर त्याच दिवशी फोन. बसल्या जागी दम, गुलाबी फेसाळ कफ, छातीत दडपण, शुद्ध हरपणं, ओठ निळे पडणं, यांपैकी काहीही झालं तर १०८ ला फोन करा. स्वतः गाडी चालवत येऊ नका, आणि रुग्णाला आडवं झोपवू नका, बसवून आणा. सरकारी उपचारांसाठी त्र्यंबक रोडचं सिव्हिल आणि शालिमारचं संदर्भ सेवा रुग्णालय आहे. भरती होऊन घ्यायच्या बऱ्याच उपचारांना महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजना लागू होते, म्हणून रेशनकार्ड आणि आधार फाइलमध्येच ठेवा. गोळ्यांची यादी मात्र लिहून आणण्यापेक्षा सगळी पाकिटं पिशवीत घालून आणा, आम्हाला ती जास्त उपयोगी पडते.